मंडळीची भांडी

सुंदराबाईचा धागा पुन्हा तुटला, तशी शेजारच्या यंत्रावरून एस्तेरनं मान वळवून पाहिलं. वाइंडिंग खात्यात बाई कितीही थकली तरी बोटं आपली चालत असतात. तुटलं टोक सापडतं, गाठ बसते, बॉबिन फिरायला लागते. आज सुंदराबाईची बोटं गाठच विसरली होती. वैशाखाचा उकाडा, बंद खिडक्या आणि घामावर चिकटलेला कापूस. दोघींचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

"काय झालंय गं?"

"कुठं काय."

"गाठ मारता येईना तुला, म्हंजी काय तरी झालंय."

खात्यावर देखरेख करणारी नायकीण येरझारा घालत जवळ आली, म्हणून दोघी गप्प झाल्या. सुट्टीचा भोंगा झाल्यावर जिन्याच्या पायरीवर फडकी सोडून बसल्या, तेव्हा सुंदराबाईनं भाकरीला हातही लावला नाही. ओठ दाबून बसली आणि मग एकदम बोलायला लागली.

तिच्या दुर्गाचं लग्न पुढच्या गुरुवारी होतं. जावई भिवा रे रोडच्या लाकडाच्या वखारीत कामाला, हाडापेरानं दणकट, निर्व्यसनी. सुंदराबाईच्या गल्लीत कुणाचंही कार्य असलं की गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाची मोठी भांडी येत. ती ज्याच्या ताब्यात, त्या दत्तारामकडे सुंदराबाई भांडी मागायला गेली होती. तो आणि त्याचे दोस्त पत्ते कुटत बसले होते. त्यानं हिला उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं, हातातला डाव संपवला आणि मग म्हणाला, "गणपतीच्या नावावर घेतलेली भांडी आहेत ती. तुम्ही देव खाली उतरवले ना? मग देवाचे टोप कशाला लागतात?"

"सगळे हसले गं," सुंदराबाई म्हणाली. "मी आपली मुकाट्यानं माघारी आले. ह्यांना सांगितलं न्हाई. सांगितलं तर मारामारी व्हायची. आमच्या गल्लीत नव्या रिवाजाचं पहिलंच लग्न. सगळी खिडक्यांत बसून बघणार, ह्या लोकांचं कसं होतंय. आन् वऱ्हाडाला काय, पाणी पाजून लावून देऊ?"

"आमची हायेत की भांडी," एस्तेर म्हणाली.

बोलून गेली आणि मग तिच्या ध्यानात आलं आपण काय बोललो.

सुंदराबाईनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत क्षणभर उजेड आला नि विझला. "तुमच्या मंडळीची? मी कोणत्या तोंडानं घेऊ? साळवेसाहेब इतकी वर्षं आमच्या घरी येत हुते. आमच्या भरवशावर बसले हुते बिचारे."

ते खरंच होतं. जयवंतराव साळवे म्हणजे एस्तेरच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील पंच. बोटीच्या कंपनीत हेडक्लार्क. रविवारची उपासना आटोपली की बंद गळ्याचा कोट घालून ते रामजीच्या, म्हणजे सुंदराबाईच्या नवऱ्याच्या खोलीवर जात. शुभवर्तमान वाचून दाखवत. रामजी मन लावून ऐके, चहा पाजी, प्रश्न विचारी. हे कुटुंब आज ना उद्या ख्रिस्ताकडे येणार असं साळवेसाहेबांनी धरूनच ठेवलं होतं. आणि गेल्या दसऱ्याला रामजी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला. त्या दिवसापासून साळवेसाहेब त्या गल्लीनं जायचे बंद झाले.

"तू भाकरी खा," एस्तेर म्हणाली. "टोप येतील. मी सांगते ना!"

संध्याकाळी लालबागला खोलीवर परतेपर्यंत तिचे पाय जड झाले. मंडळीला स्वतःचं मंदिर नव्हतं. रविवारी शाळेचा हॉल मिळे, तिथंच पेटी, ढोलकी, उपासना. भांडी ठेवायला जागा नव्हती म्हणून ती एस्तेरच्या खोलीत आली ती आलीच. खाटेखाली तांब्याचे टोप एकात एक बसवलेले, पोटमाळ्यावर पराती, दाराआड झारे आणि उलथणी. कढईत तिची मुलगी बेबी आपली शाळेची पुस्तकं ठेवी. नाताळच्या जेवणाआधी कल्हईवाल्याला बोलावून सगळी लखलखीत करून घ्यायची, हा एस्तेरचा अभिमान होता. पण मंडळीच्या कामाखेरीज भांडी बाहेर जायची नाहीत, असा पंचांचा ठराव होता, आणि तो तिला पाठ होता.

तिचा नवरा शांतवन गिरणीत बॉयलरवर कामाला होता. तो अंगावर पाणी घेऊन आला, पंच्यानं डोकं पुसत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू राखणदार. मालकीण नव्हं."

"ठाऊक हाय मला."

"मग?"

"मग काय? तोंडातनं गेलं. आता तुम्हीच सांगा, जाऊन तिला न्हाई म्हणू?"

शांतवननं पंचा दोरीवर टाकला. खाटेवर त्याची आई नोएमीबाई बसली होती. म्हातारीला कमी ऐकू येई, पण ऐकायचं ते बरोबर ऐकू येई. ती म्हणाली, "रविवारी इच्यार मंडळीत. उगं आत्ताच कशाला मरती?"

रविवारी उपासना संपल्यावर पाळक माधवराव शेलार यांनी सगळ्यांना थांबायला सांगितलं. गिरणीतली माणसं, दवाखान्यातल्या दोन नर्सा, शाळेचे मास्तर, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. हॉलात पंखा एकच. एस्तेर उभी राहिली. तिनं झालं ते सांगितलं. दत्तारामनं उंबऱ्याबाहेर उभं केलं, तेही सांगितलं. "मी न विचारता कबूल केलं," म्हणून खाली बसली.

साळवेसाहेब उठले. ते चिडतील असं तिला वाटलं होतं. पण त्यांचा आवाज हलका झाला होता, आणि ते तिला जास्तच जड गेलं.

"मी त्या घरी किती रविवार गेलो, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. उन्हात गेलो, पावसात गेलो. त्यांनी दुसरी वाट धरली. धरू देत, त्यांचा अधिकार आहे. पण आता आपण पातेली घेऊन त्यांच्या मागे धावायचं? आज लग्न, उद्या आणखी काही. मग ही मंडळीची भांडी कशी म्हणायची? ठराव आपण केला, आपणच मोडायचा?"

दोघा-तिघांनी माना हलवल्या. मास्तर म्हणाले, "शिस्तीचा प्रश्न आहेच." पाळकांनी नुसतं विचारलं, "आणखी कोणी?"

मागच्या बाकावरून नोएमीबाई काठी टेकत उठली. शांतवननं तिला धरायला हात पुढं केला, तो तिनं झिडकारला.

"साठाक वर्सांमागं छपन्नचा दुष्काळ पडला, तवा मी एवढीशी हुते," ती म्हणाली. "नगरच्या बाजूला. आई गेली, बाप गेला. चालत चालत मिशनच्या बंगल्याशी आले. तिथं झाडाखाली चुलवण हुतं, त्यावर मोठं पातेलं. बाई उभी हुती पळी घेऊन. तिनं मला इच्यारलं न्हाई, तू कुणाची, तुझा देव कोणता. तिनं इच्यारलं, 'आणखी वाढू?' मी पातेल्याशी बसले तवा काय ख्रिस्ती नव्हते. नुसतं पोट हुतं." तिनं श्वास घेतला. "सायब, मी पुढं ह्या वाटंला आले ती त्या पळीपायी आले. आन् आले नसते, तरी बाईनं वाढलंच असतं. एवढं मला कळतं."

कडेवरचं एक पोर रडलं, त्याला आईनं उगी केलं.

पाळक म्हणाले, "ठराव बदलायचा झाला तर मी एकच ओळ सुचवतो. ज्याच्या घरी पंगत, त्याला भांडी. मान्य असेल त्यांनी हात वर करावेत."

आधी नर्सांचे हात गेले, मग बायांचे, मग मास्तरांचाही. साळवेसाहेबांनी हात मांडीवरच ठेवला. "मी हात वर केलेला नाही, हे लक्षात असू द्या," ते म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले.

पाळक एस्तेरकडे वळले. "तुम्ही आधी विचारायला हवं होतं."

"चुकलं," एस्तेर म्हणाली. मग न राहवून म्हणाली, "पण पाळकसाहेब, पुन्हा कुणी असं समोर भाकरी न खाता बसलं, तर पुन्हा चुकंल माझ्याकडनं."

हॉलात हशा पिकला. बायांनी तिथंच ठरवलं, कोण चिंच आणील, कोण राख. सोमवारी संध्याकाळी पाळी सुटल्यावर साऱ्या जणी चाळीच्या मोरीवर टोप घासायला जमल्या.

बुधवारी बातमी आली, संयुक्त महाराष्ट्र समितीनं गुरुवारी हरताळ पुकारलाय. गिरण्या बंद, ट्राम बंद, बाजार बंद. गेल्या सालच्या गोळीबाराची आठवण अजून ओली होती. लग्न पुढं ढकलावं तर नव्या रिवाजानं लग्न लावून देणारी माणसं मुंबईत मोजकीच, आणि त्यांच्यातल्या ठरलेल्या गृहस्थांना गुरुवारच मोकळा होता. रामजीचा निरोप आला, 'लग्न ठरल्या वेळीच.'

गुरुवारी सकाळी हातगाडी मिळेना. गाडीवाला खुशाल चटईवर पडला होता. म्हणाला, "हरताळ म्हणजे हरताळ. मुंबई आपली व्हायला पायजे का नको?"

"पायजे ना," शांतवन म्हणाला. "म्हणून काय लग्नं थांबवायची?"

मग मंडळी निघाली ती टोप डोक्यावर घेऊन. सगळ्यांत मोठा टोप बांबूला अडकवून शांतवन आणि मास्तरांनी खांद्यावर घेतला. बेबीनं कढई डोक्यावर पालथी घातली, तिच्या नाकापर्यंत ती आली. पाळकांनी झाऱ्या-पळ्यांचा भारा काखेत मारला. एस्तेर परात घेऊन पुढं. रस्ता एवढा रिकामा तिनं कधी पाहिला नव्हता. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, ट्रामचे रूळ उन्हात चकाकत पडलेले. माणसं मात्र कठड्यांवर, ओट्यांवर जिथं तिथं बसलेली. शांतवनला ढोलकीचं अंग. मोकळ्या हातानं तो टोपावर ठेका धरायला लागला. ओट्यावरची दोन माणसं उठून मागं चालू लागली, मग आणखी काही. कुणीतरी "संयुक्त महाराष्ट्र" म्हणून आरोळी दिली आणि साऱ्या रस्त्यानं "झालाच पाहिजे" म्हणून उचलून धरली. बघता बघता भांड्यांचा मोर्चा झाला.

नाक्यावर हवालदारानं दांडका आडवा धरला. "थांबा! जमावबंदी आहे, माहीत नाही? चारच्या वर माणूस चालायचा नाही."

एस्तेर जागीच थांबली. मागून शांतवन म्हणाला, "साहेब, माणसं चारच हायेत. बाकी टोप."

हवालदार एका भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखाली वाकून वाकून बघायला लागला. कढई वर उचलली तर खाली बेबी, घामानं निथळलेली, हसू दाबत उभी. त्याच्या मिशा हलल्या. "लग्न कुणाचं?"

"गिरणीतल्या माझ्या जोडीदारणीच्या लेकीचं," एस्तेर म्हणाली. "पलीकडच्या गल्लीत. या जेवायला."

"माझी ड्यूटी आहे बाई." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "चार-चार करून पलीकडे व्हा. आणि ते वाजवणं बंद. आरोळ्या देणाऱ्यांनी मागं फिरायचं."

आरोळ्या देणारे मागं फिरले, दुसऱ्या बोळातून वळसा घालून पुढं आले आणि सुंदराबाईच्या गल्लीत टोपांच्या आधीच हजर झाले. पुढचा घोटाळा त्यातूनच झाला.

सुंदराबाई गल्लीच्या तोंडाशी उभी होती. टोप बघून तिनं तोंडाला पदर लावला. पण रडायला वेळ नव्हता. तिनं एस्तेरचा हात धरला. "आचारी आला न्हाई. गिरगावातनं यायचा हुता, ट्रामच न्हाई. मी वाट बघून बघून..."

"चुलवण मांडलंय?"

"मांडलंय."

"मग काय रडतीस?" एस्तेरनं पदर खोचला.

नाताळला ती मंडळीचा स्वयंपाक करी, पण तेव्हा साऱ्या गोष्टी हाताशी असत. इथं तीन विटांच्या चुली, ओलसर लाकडं, नळाला करंगळीएवढी धार. मंडळीतल्या बायांनी आणि गल्लीतल्या बायांनी मिळून वांगी चिरली. नर्सांनी कणीक मळायला घेतली, दवाखान्यात हात धुवायच्या सवयीनं आधी कोपरापर्यंत हात धुतले, त्यावर बाया पोट धरधरून हसल्या. मास्तर फुंकणीनं चूल फुंकून फुंकून लाल झाले. लापशीचा गहू खरपूस भाजायला लागला आणि त्याच्या वासानं गल्लीतली एकेक खिडकी उघडली.

एस्तेरचा हात लापशीत अडकलेला असतानाच भाताच्या टोपाला उकळी फुटून फेस उतू जायला लागला. "कुणी भात बघा गं!" ती ओरडली. मान वर केली तर समोर साळवेसाहेब. बंद गळ्याचा कोट, टोपी, छत्री.

"ऑफिस बंद आहे," ते म्हणाले. "म्हटलं, टोप धड आहेत ना, पाहून यावं."

एस्तेरचा चेहरा चुलीच्या धगीनं फुटायला आला होता. केस कपाळाला चिकटलेले, मनगटावर चटका बसलेला. भीड धरायला सवडच नव्हती. "टोप धड हायेत साहेब, भात जायला आलाय! तेवढा उतरवा!"

साळवेसाहेबांनी चुलीकडं पाहिलं. मग छत्री भिंतीला टेकवली, कोट काढून खुंटीवर टांगला, सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या. टोप एकट्याला उचलण्यासारखा नव्हता. दुसरा कान धरायला गर्दीतून रामजी पुढं आला. नवा पांढरा सदरा घातलेला, मुलीचा बाप. दोघांची नजरानजर झाली. वाफेच्या दोन बाजूंना दोघं उभे राहिले.

"जय भीम, साहेब," रामजी म्हणाला.

"सलाम," साळवेसाहेब मंडळीतल्या रिवाजाप्रमाणं म्हणाले. "हात भाजेल, फडकं घे."

"घेतलंय."

"उचल. सावकाश. माझ्याकडं कलू दे."

टोप कलला, पेजेचा लोट गटारीकडं धावला, गरम वाफेनं साळवेसाहेबांचा चष्मा पांढरा झाला. ते तसेच आंधळ्यासारखे टोप धरून उभे राहिले. रामजीनं टोपाचा आपल्याकडचा कान एका हातात तोलून धरला, दुसऱ्या हातानं त्यांचा चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा त्यांच्या नाकावर बसवला. टोप खाली टेकला तेव्हा दोघंही धापा टाकत होते.

वऱ्हाड रे रोडहून पायी आलं. नवरदेव भिवा घामानं चिंब, धुळीनं भरलेला, पण दात सगळे दिसत होते. दुर्गा पांढऱ्या पातळात बाहेर आली. हळद नाही, बाशिंग नाही, म्हणून खिडक्यांतल्या बाया एकमेकींच्या कानाला लागल्या. लग्न लावणाऱ्या गृहस्थांनी कागद समोर धरून एकेक वचन म्हणून घेतलं. त्यांनाही सगळं पाठ नव्हतं. एका ठिकाणी ते अडले, तशी दुर्गानंच पुढचं वचन स्वच्छ आवाजात म्हटलं. खिडक्यांतली कुजबुज थांबली. हार घातले गेले. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की ओट्यावरची कबुतरं उडाली. एस्तेर पळी हातात घेऊनच टाळ्या वाजवायला गेली आणि लापशी तिच्याच अंगावर उडाली.

पंगती बसल्या आणि घोटाळा उघडा पडला. हरताळानं रिकामं झालेलं निम्मं लालबाग वासावर आलेलं. पंगत उठायची, दुसरी बसायची, बोळातून माणसं येतच होती. मघाचे आरोळ्या देणारे पहिल्याच पंगतीत मांडी ठोकून बसले होते. भाताचा तळ दिसायला लागला तशी सुंदराबाई पांढरीफटक पडली.

"पुन्हा आधण ठेवा," एस्तेर म्हणाली.

"तांदूळ कुठायत? दुकानं बंद."

हे बोलणं खिडक्यांपर्यंत गेलं असावं. वरच्या मजल्यावरची म्हातारी मापभर तांदूळ पदरात घेऊन उतरली. मग दुसरी. मग जिन्यावर बायांची रांगच लागली. कुणाच्या डब्यात तांदूळ, कुणाच्या कण्या, कुणी मूठभर डाळ. दत्तारामची आई परातभर तांदूळ घेऊन आली. तिनं परात टोपात उलटी केली, सुंदराबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि वर निघून गेली. त्या भातात जाडे, बारीक, तांबडे, पांढरे सगळे तांदूळ एकत्र शिजले. काही मऊ झाले, काही टणकच राहिले. कुणी नाव ठेवलं नाही.

उन्हं कलली तेव्हा शेवटची पंगत बसली, मंडळीची. सुंदराबाईनं कुणाला उठू दिलं नाही. "आता पळीला हात लावाल तर बघा!" दुर्गा आणि भिवा स्वतः वाढायला आले. एस्तेर भिंतीला पाठ लावून बसली. तिची पावलं सुजली होती, मनगट ठणकत होतं, आणि का कोण जाणे, तिला सारखं हसू फुटत होतं. तिच्या एका बाजूला नोएमीबाई. तिला दुपारी चौघांनी खुर्चीवर बसवून आणलं होतं. दुसऱ्या बाजूला साळवेसाहेब बसले होते, काजळी लागलेल्या सदऱ्यात. कोट अजून खुंटीवरच होता.

रामजी लापशीचं भांडं घेऊन रांगेतून वाढत आला. साळवेसाहेबांच्या पत्रावळीसमोर उकिडवा बसला, पण वाढेना. पळी तशीच हातात.

"साहेब," तो म्हणाला, "एक इच्यारू? मी तुमचं इतकी वर्षं ऐकलं, आन् शेवटी माझ्या मनानं गेलो. त्याचा राग हाय तुम्हाला?"

पाळकांचा घास हातातच राहिला.

साळवेसाहेबांनी चष्मा वर सारला. "होता," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू. फार होता."

"आन् आता?"

साळवेसाहेबांनी पत्रावळ दोन्ही हातांनी त्याच्यापुढं सरकवली.

"आता भूक लागलीय रे, रामजी. वाढ."